निफाडच्या थंडीत उललेलं अंग: एका हिवाळ्याच्या नोंदी

निफाड तालुक्यात आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. दर वर्षी दिवाळी सरली की माझं तोंड उलायला लागतं. मग ओठ, मग हात, आणि पौष लागेपर्यंत टाचा. मागच्या डिसेंबरात उजव्या अंगठ्याची भेग इतकी खोल गेली की कात्री धरवेना. ऐन विरळणीत, म्हणजे घडातले दाटलेले मणी कात्रीने काढायच्या वेळी, सहा दिवस मी बांधावर बसून होतो. यंदा तसं होऊ द्यायचं नाही असं ठरवून ही वही घातली. बागेत, गोठ्यात, बांधकामावर, पहाटेच्या दूधगाडीवर काम करणाऱ्या कुणाही गड्याला उपयोगी पडेल म्हणून चुकांसकट लिहितो आहे.

उन्हाळ्यातली माझी पद्धत अशी होती: कोळशाच्या काळ्या फेसवॉशने दोनदा तोंड, अंगाला साबण, एक दिवसाआड दाढी, त्यावर तुरटी, त्यावर आफ्टरशेव्ह. बाकी काही नाही. हीच पद्धत मी बाराही महिने चालवत होतो, आणि क्रीम हे बायकांचं काम असं मलाही वाटायचं.

१३ ऑक्टोबर २०२४

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, उरकली. लगोलग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. हे औषध कातडीला फार वाईट, त्यामुळे हातमोजे सगळ्यांना सक्तीचे. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस दारूला शिवायचं नाही हेही मजुरांच्या टोळीला सांगितलं, कारण दोन्ही मिळून अंगावर उलटतात. संध्याकाळी तोंड, हात, नडगी, टाच यांचे फोटो काढून ठेवले. पुढे बदल झाला की नाही हे आठवणीवर सोडायचं नव्हतं.

३१ ऑक्टोबर

नरक चतुर्दशी. पहाटे आईने तीळतेल कोमट करून दिलं. सगळ्या अंगाला चोळून, उटणं लावून अंघोळ केली, साबण नावाला. दुपारी तीनला बागेत होतो तेव्हा लक्षात आलं की तोंड ओढत नाहीये. एरवी त्या वेळेला गालाची कातडी ताणल्यासारखी होते. तेव्हा एवढंच लिहिलं: "आज तेल आधी, पाणी नंतर. तोंड मऊ." याचा अर्थ महिनाभराने लागला.

९ नोव्हेंबर

पुरुषांसाठीचा हिवाळी संच ऑनलाइन मागवला. १,२९९ रुपये. त्यात फेसवॉश, दाणेदार स्क्रब आणि लावताच गार वाटणारं जेल.

१४ नोव्हेंबर

संच बंद केला. पाच दिवसांत गालांवर दोन लाल चट्टे उठले. चूक माझीच होती. कातडीचे पापुद्रे निघताना दिसले म्हणून मी ते स्क्रबने घासून काढत होतो. पापुद्रा ही मेलेली कातडी हे खरं, पण तिच्या खालची अजून तयार झालेली नसते. जेल गार वाटायचं ते मेंथॉलमुळे. उललेल्या जागी मेंथॉल झोंबतो, ओलावा धरत नाही. जेलही पाण्याचंच, वाळलं की वर काहीच उरत नाही.

१,२९९ रुपये आणि पाच दिवस गेले. चट्टे जायला आठवडा लागला.

१७ नोव्हेंबर

आज नवं काही लावलं नाही. कशामुळे कोरडं पडतंय ते शोधायला बसलो.

बागेत रोगाच्या अंदाजासाठी छोटं हवामान यंत्र बसवलेलं आहे. त्यातले गेल्या आठवड्याचे आकडे काढले. पहाटे सहाला आर्द्रता ८५ ते ९० टक्के, पानांवर दव. दुपारी तीनला तीच २८. मी पहाटे तोंडाला दव लागलं की हवेत ओल आहे असं धरून चालत होतो. कातडीतलं पाणी उडतं ते दुपारी. आणि नेमकी तीच वेळ तोंड ओढण्याची.

दुसरं म्हणजे अंघोळीचं पाणी. आमच्याकडे बंब आहे, छाटणीच्या काड्यांवर तापतो. थंडीत कडकडीत पाणी घ्यायची सवय. दुधाचा थर्मामीटर बादलीत बुडवला तर ४६ अंश. कातडीच्या वरच्या थरात जी चरबी असते ती ओलावा धरून ठेवते. कडक पाणी आणि साबण मिळून ती धुऊन नेतात. खरकटं तुपाचं भांडं गार पाण्याने निघत नाही आणि कढत पाण्याने लगेच निघतं, तसंच हे.

आजपासून ३८ अंश. अंगावर घेताना बोचलं, बाहेर आल्यावर कुडकुडलो. यावर उपाय म्हणून न्हाणीच्या दाराची फट पोत्याने बुजवली आणि अंघोळ पंधरा मिनिटांवरून सहा मिनिटांवर आणली. खर्च शून्य. आठ दिवसांत पाठीची खाज गेली. या वहीतल्या सगळ्या बदलांत हा एक बदल सर्वांत मोठा ठरला.

२१ नोव्हेंबर

साबण. वेष्टनावर टीएफएम लिहिलेला असतो. ७६ टक्के किंवा वर असला की पहिली प्रत, हे ठाऊक होतं. म्हणून ७६ चा आणला आणि निर्धास्त झालो. चार दिवस वापरला, नडग्यांवर पांढऱ्या रेघा जशाच्या तशा.

टीएफएम म्हणजे साबणात चरबीचा अंश किती. साबण भेसळीचा नाही एवढं त्यातून कळतं. पण तो साबणच राहतो, त्याचा सामू (पीएच, आम्ल-अल्कपणाचं माप) नऊ-दहाच्या घरात. कातडीचा सामू पाचच्या आसपास. आम्ही फवारणीच्या पाण्याचा सामू रोज मोजतो, आठच्या वर गेला तर औषध वाया जाईल म्हणून हळहळतो. आणि अंगाला नऊ-दहाचं काय लावतो याचा विचार मी कधी केला नव्हता.

आता साबण नसलेली वडी आणली, सिंडेट म्हणतात तिला. २१० रुपये, महाग आहे. त्यामुळे सगळ्या अंगाला ती लावत नाही. काख, जांघ, पाय आणि तोंड एवढ्यालाच. हात-पाठ-नडग्यांना नुसतं पाणी. शेतातली माती पाण्याने जाते. औषध फवारलं त्या दिवशी मात्र सगळं अंग धुवायचं, तिथे काटकसर नाही.

काळा फेसवॉश मार्चपर्यंत फळीवर ठेवला. त्यात सॅलिसिलिक ॲसिड आहे. उन्हाळ्यात तेलकट नाकाला बरं पडतं, थंडीत गालांना नाही.

२६ नोव्हेंबर

ग्लिसरीनची १०० मिलीची बाटली आणली. रात्री नुसतंच तोंडाला चोपडलं. चिकट झालं, उशीला लागलं, आणि सकाळी गाल आणखी कोरडे. ग्लिसरीन पाणी ओढून घेतं. हवा कोरडी असली तर ते कातडीतूनच ओढतं. दुसऱ्या दिवशी एक भाग ग्लिसरीन आणि तीन भाग गुलाबपाणी करून ओल्या तोंडाला लावलं तर बरं वाटलं. पण बागेत जाताना लावलं की दोन तासांत तोंडावर धुळीचा थर. रात्रीपुरतं ठेवलं.

१ डिसेंबर

औषधाच्या दुकानातून पॅराफिन असलेली साधी, बिनवासाची पांढरी क्रीम आणली. पहिले तीन दिवस नाश्ता करून, कपडे घालून, मग लावत होतो. काही खास फरक नाही.

तेवढ्यात दिवाळीची नोंद चाळली. तेल आधी, पाणी नंतर. म्हणजे पाणी कातडीत शिरल्यावर वरून तेलाचं झाकण राहिलं होतं. क्रीमही झाकणच आहे. खाली पाणी नसताना झाकण घालून काय उपयोग?

काल टॉवेलने खसाखसा न पुसता टिपून घेतलं आणि अंग दमट असतानाच, न्हाणीतच, तीन मिनिटांच्या आत लावली. तीच क्रीम. आज दुपारी तीनला यंत्रात आर्द्रता २६ आणि तोंड ओढलं नाही. डबी तेव्हापासून न्हाणीच्या कोनाड्यात ठेवली आहे, आरशापाशी ठेवली की विसरतो.

तेलाचाही प्रयोग करून पाहिला. अंघोळीआधी रोज अंगभर खोबरेल. थंडीत खोबरेल २४ अंशांच्या खाली थिजतं, बाटली बंबाजवळ ठेवावी लागते, तेवढं चालतं. पण तिसऱ्या दिवशी आमच्या घरातल्या थोरल्या नानांचा पाय शहाबादी फरशीवरून घसरला. भिंतीला हात लागला म्हणून वाचले. वय ७१. त्याच दिवशी अंगभर तेल बंद. आता चमचाभर तेल, फक्त नडग्यांना आणि कोपरांना, आणि अंघोळ झाली की फरशीवर राख टाकून घासतो.

४ डिसेंबर

दाढी. आधी दाढी मग अंघोळ हा क्रम उलटा केला. अंघोळीने केस पाणी पिऊन मऊ होतात, पातं ओढत नाही. ब्रशने फेस करून दोन मिनिटं तसाच ठेवतो. केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने एकदा, उलटा हात नाही. हनुवटीखाली थोडी खरखर राहते, राहू देतो. पातं दर पाचव्या दाढीला बदलतो, पूर्वी महिनाभर चालवायचो.

तुरटी फिरवणं थांबवलं. आफ्टरशेव्हमधल्या अल्कोहोलने कोरडं तोंड अजून कोरडं होतं, तेही बंद. आता गार पाणी आणि क्रीम. कापलं तर तेवढ्या ठिपक्यावर तुरटी टेकवायची, सगळ्या गालावर नाही. नाना म्हणाले, "तुरटीशिवाय दाढी कसली?" त्यांची त्यांना लखलाभ, त्यांच्या गालांना ती सोसते.

८ डिसेंबर

डिपिंग सुरू. न पाहिलेल्यांसाठी: मणी फुगावेत म्हणून प्रत्येक घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) पाण्यात बुडवतात. एका हातात मग, दुसऱ्या हाताने घड, दिवसभर. मांडवाखाली हात वर असतात आणि पाणी कोपरापर्यंत ओघळतं. पेठ-सुरगाण्याकडची अकरा जणांची टोळी आणि मी.

हात दिवसातून शेकडो वेळा ओले होऊन वाळतात. दर वेळी वाळताना आतलं पाणी घेऊन जातात. वर जीएची भुकटी विरघळवायला ॲसिटोन लागतं, ते मी हाताळतो. ॲसिटोन म्हणजे चरबी काढणारंच. मागच्या वर्षीची अंगठ्याची भेग कुठून आली ते आज उमगलं. सगळा दोष मी थंडीला देत होतो.

भांडी घासायचे लांब रबरी हातमोजे घातले. दोन तासांत आत घाम. आणि हात वर असल्यामुळे मगातलं पाणी मनगटावरून सरळ मोज्यात उतरलं. संध्याकाळी काढले तेव्हा बोटं धुणं धुणाऱ्या बाईच्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली. उघड्या हातांपेक्षा वाईट. एक दिवस आणि १४० रुपये वाया.

१२ डिसेंबर

तीन दिवस खटपट करून जमलं ते असं. आत पातळ सुती हातमोजे, ते घाम टिपतात. वरून नायट्राइलचे. नायट्राइलची कड मनगटावर बाहेरच्या बाजूने दोन बोटं दुमडायची, म्हणजे ओघळ त्या पन्हाळीत अडतो. हात खाली केला की सांडतो, आत जात नाही. दर दीड तासाने चहा-पाण्याला थांबलो की सुती जोड बदलायचा, ओला जोड तारेवर वाळत टाकायचा. माणशी तीन सुती जोड लागतात.

१०० नायट्राइलचा खोका ५५० रुपये, सुती ३६ जोड १,०८०. पहिल्या दिवशी मी एकट्यासाठीच आणले होते. दुपारी भाकरी खाताना टोळीच्या मुकादमाने हात पुढे केला. म्हणाला, "दादा, तुमचं बरं झालं. आमचं बघा." त्याच्या चारही बोटांच्या पेरांवर उभ्या चिरा होत्या, दोन ओल्या. मला फार लागलं ते. कात्री तो माझ्यापेक्षा दुप्पट चालवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसाठी आणले आणि पेट्रोलियम जेलीच्या दोन मोठ्या डब्या मांडवाच्या खांबाला पिशवीत टांगल्या.

वेग पहिल्या दिवशी कमी झाला, घड हातातून निसटतात. तिसऱ्या दिवसापासून पूर्वीइतका. टोळीतल्या दोघींनी मोजे नको म्हटलं, त्यांना मोज्यांतून घड हाताला नीट कळत नाही. त्यांना थांबल्या थांबल्या हात पुसून जेली लावायला सांगितलं. तेवढ्यानेही फरक पडला.

१९ डिसेंबर

रात्रीचं तापमान सहावर आलं. बागेत शेकोट्या आणि रात्री ठिबक सुरू, मणी तडकू नयेत म्हणून.

टाचांसाठी दहा टक्के युरिया असलेली क्रीम आणली होती, १८० रुपये. टाचेला चांगली लागू पडली. म्हणून उत्साहाने बोटाच्या ताज्या चिरेवरही लावली आणि डोळ्यांत पाणी आलं. नंतर दाढी केलेल्या गालावर बोट लागलं, तिथेही आग. युरिया जाड, राठ कातडी मऊ करतो. उघड्या चिरेवर आणि ताज्या दाढीवर तो नाही. चिरेवर नुसती पेट्रोलियम जेली, वर पट्टी, रात्रभर. चार रात्रींत चीर मिटली.

२६ डिसेंबर

ही नोंद लिहायला जड जाते, पण याच कारणासाठी वही सर्वांना द्यावी असं वाटतं.

दाढीचा वेळ वाचावा म्हणून पंधरा दिवस मिशा आणि हनुवटीवरची दाढी राखली होती. तिच्यात कोंडा पडायला लागला, नाकाच्या कडा लाल. थंडीचा कोरडेपणा समजून रोज रात्री खोबरेल चोळलं. कोंडा वाढला, पिवळसर, चिकट पापुद्रे. एका औषधाच्या दुकानात दाखवलं, त्यांनी चिठ्ठी न मागता एक ट्यूब दिली, ९५ रुपये. दोन दिवसांत लाली गायब. इतका आनंद झाला की नानांच्या पायालाही लावायला दिली. पाचव्या दिवशी थांबवली आणि लाली दुपटीने परत, सोबत बारीक फोड.

३० डिसेंबर

नाशिकला त्वचेच्या डॉक्टरांकडे. फी ५००, अर्धा दिवस गेला. ट्यूब हातात घेऊन त्यांनी मागचा मजकूर वाचून दाखवला: स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि प्रतिजैविक, तिन्ही एकत्र. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, २०१८ पासून तसा नियम आहे. तोंडावर महिनोन् महिने लावली तर कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, आणि सोडलं की सगळं उसळून येतं. माझे पाचच दिवस झाले होते म्हणून निभावलं.

कोंडा कोरडेपणाचा नव्हताच. कातडीवर राहणारी एक बुरशी असते, ती तेलावर वाढते. मी तिला रोज रात्री तेल घालत होतो. केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू दिला, २४० रुपये. आठवड्यातून दोनदा, दाढीला फेस करून चार-पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. ओळखायची साधी खूण त्यांनी सांगितली: पांढरे, कोरडे, गालभर असतील तर कोरडेपणा, चिकट, पिवळसर, भुवया-नाक-दाढी इथेच असतील तर हे दुसरं. शंका असली तर दुकानात न दाखवता दवाखान्यात दाखवायचं.

तीन आठवड्यांत दाढी साफ झाली. आता आठवड्यातून एकदा पुरतो.

८ जानेवारी २०२५

डॉक्टरांना नानांच्या नडग्यांचा फोटोही दाखवला होता. त्यांच्या दोन्ही नडग्यांवर तांबूस-तपकिरी जाळी आहे, मासेमारीच्या जाळ्यासारखी. आम्ही ती कोरडेपणाची समजत होतो, म्हणूनच मी त्यांना ती ट्यूब दिली होती. ती जाळी शेकोटीची. रोज पहाटे दोन तास त्याच जागी, तितक्याच अंतरावर पाय शेकले की खालच्या रक्तवाहिन्यांच्या नक्षीत डाग उमटतात. काश्मिरात कांगडी कपड्यांत घेऊन बसणाऱ्यांच्या पोटा-मांड्यांवर असेच पडतात, आणि तिथे वर्षानुवर्षांनी कर्करोग झाल्याच्या नोंदी आहेत. उपाय एकच, आच लांब करायची.

नानांना शेकोटी सोड म्हणणं शक्य नाही. त्यांच्या चार मित्रांची ती बैठक आहे. त्यांची खुर्ची चार फूट मागे सरकवली, पायांवर जुनी घोंगडी टाकली, गुडघ्यापर्यंत लोकरी मोजे. पहिले दोन दिवस खुर्ची आपोआप पुढे यायची. तिसऱ्या दिवशी मी मोबाइलवर त्यांच्या आणि कांगडीच्या डागांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून दाखवले. तेव्हापासून मागे बसतात.

एक सावधगिरी सगळ्यांनी पाळावी. पॅराफिनची क्रीम आणि जेली रोज लावली की कपड्यांत मुरते, आणि असं कापड ठिणगी पडली तर भसकन पेटतं. क्रीम लावून शेकोटीला जायचं नाही. आमच्याकडे आता आधी शेकोटी, मग अंघोळ, मग क्रीम. शेकोटीचे कपडे वेगळे.

१४ जानेवारी

संक्रांत. टाचांचा हिशोब. युरियाच्या क्रीमने जाड कड मऊ झाली, पण डाव्या टाचेची जुनी भेग मिटेना. रत्नागिरीकडच्या साडूंनी कोकमाच्या तेलाचा गोळा पाठवला. हे तेल घट्ट, मेणासारखं. पहिल्यांदा तसंच घासलं, काही उपयोग नाही. पळीत गरम करून पातळ झाल्यावर, सोसेल इतपत कोमट असताना भेगेत सोडायचं असतं. आत जाऊन ते थिजतं आणि भेग भरल्यासारखी होते, चालताना तिच्या कडा हलत नाहीत. त्याआधी पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात, वरून सुती मोजे. नऊ रात्री. भेग बाहेरून मिटली. दगडाने टाच घासणं आठवड्यातून एकदाच, तेही ओल्या टाचेला. रोज घासलं की शरीर कातडी आणखी जाड करतं.

२२ जानेवारी

ओठ. वाळले की जीभ फिरवायची सवय, थुंकी उडून जाते आणि ओठ आणखी फुटतात. खिशात जेलीची छोटी डबी ठेवली आणि जीभ फिरवावीशी वाटली की बोट. पुदिन्याचा वास असलेली कांडी झोंबायची, टाकली.

ऊनही थंडीत सोडत नाही. ट्रॅक्टरवर फवारणीला बसलो की दुपारचं ऊन तोंडावर. ऊन अडवणारं एसपीएफ ३० चं क्रीम दोन बोटांच्या लांबीइतकं. पहिल्याने सावळ्या तोंडावर राखाडी थर दिसला, दुसरं आणावं लागलं. ३९० अधिक ४५०.

६ फेब्रुवारी

खर्च मांडला. कामाला आलेलं: सिंडेट वडी तीन ६३०, पॅराफिन क्रीम चार ८४०, जेली ४२०, युरिया १८०, ग्लिसरीन-गुलाबपाणी १३५, शाम्पू २४०, ऊन-क्रीम ४५०, डॉक्टर ५००. एकूण ३,३९५. टोळीसह हातमोजे वेगळे, नायट्राइलचे चार खोके धरून ३,२८०. वाया गेलेलं: संच १,२९९, रबरी मोजे १४०, ट्यूब ९५, पहिलं ऊन-क्रीम ३९०. एकूण १,९२४.

मागच्या वर्षी विरळणीचे सहा दिवस बुडाले, तेवढ्यासाठी दोन माणसं जादा लावली होती. हातमोज्यांचा खर्च त्यातच निघतो. आणि ज्याच्याकडे काहीच पैसे नसतील त्याने कोमट पाणी, कमी साबण, अंग टिपून लगेच थोडं खोबरेल, एवढं केलं तरी पुष्कळ आहे. दाढीत चिकट कोंडा असेल तर मात्र तिथे तेल नको.

१८ फेब्रुवारी

काढणी सुरू. पहाटे ११ अंश, दुपारी ३१. तोंडाला क्रीम जड वाटायला लागली, दुपारी घाम येऊन चिकचिक. सकाळची बंद केली, रात्रीची ठेवली. सिंडेट संपली की पुन्हा नेहमीचा साबण, पण पाणी ३८ वरच ठेवणार. फेसवॉश होळीनंतर फळीवरून काढेन.

ऑक्टोबरात पेस्ट आणायला जाईन तेव्हाच सुती जोड ५० आणायचे, डिपिंगच्या आदल्या दिवशी मिळत नाहीत. मुकादमाच्या बोटांच्या चिरा भरल्या. जाताना त्याने खांबावरची उरलेली डबी मागून घेतली, घरी आईच्या टाचांसाठी. अंगठा यंदा धड आहे. करंगळीच्या कडेला एक बारीक चीर अजून उघडी आहे, तिच्यावर आज रात्री पुन्हा पट्टी.